तिरफळाच्या झाडाला कुऱ्हाड नको

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सिंधुदुर्गातल्या आठवडा बाजारात हिरव्या तिरफळांचे घोस दिसू लागतात. गोव्यात याच फळाला तेफळ म्हणतात. बांगड्याचं तिखलं करायचं आणि घरात तिरफळ नाही, म्हणजे मालवणी बाईचा जीव खालीवर होतो. पण हे फळ देणारं झाड मात्र आपण बांधावरून हळूहळू नाहीसं करत चाललो आहोत.

तिरफळ हे लिंबाच्या कुळातलं रानझाड. चीनमध्ये सिचुआन मिरी म्हणून वापरतात तो मसालाही याच वंशातला. त्रिफळा चूर्णाशी मात्र याचा काही संबंध नाही. ते हिरडा, बेहडा आणि आवळा यांचं असतं. झाड उंच वाढतं आणि खोडावर जाड, टोकदार काटे असतात. खरी अडचण इथंच आहे. काट्यांमुळे वर चढता येत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी सरळ फांदीच तोडून खाली पाडतात. त्या दिवशी पाटी भरते खरी, पण तोडलेली फांदी पुढच्या हंगामात काय देणार? काही ठिकाणी तर काजू लावायला जागा हवी म्हणून अख्खं झाडच जातं.

काढणी आणि वाळवण

लांब बांबूला कोयती बांधून फक्त घोसाचा देठ कापावा. खाली जुनी चादर धरली, तर फळं मातीत पडत नाहीत. फळं स्वच्छ कापडावर पसरून उन्हात वाळवावीत. वाळली की ती उकलतात आणि आतली काळी चकचकीत बी दिसते. बी काढून टाकावी, कारण स्वाद सगळा सालीत असतो. बी राहिली तर दाताखाली कचकच लागते. साली घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवल्या तर वर्षभर पुरतात. ओलसर माल भरला की बुरशी आलीच म्हणून समजा.

स्वयंपाकात

चार माणसांच्या तिखल्याला आठ-दहा तिरफळं पुरे. मिरची-हळदीच्या वाटणात ती वाटू नयेत, नाहीतर कडवटपणा उतरतो. थोडी ठेचून, पाण्यात भिजवून, त्या पाण्यासकट कालवणात घालावीत. आंबटाला आमसुलं आणि वरून कच्चं खोबरेल. मासे न खाणाऱ्यांनी तूरडाळीच्या नाहीतर बटाट्याच्या आमटीत घालून पाहावीत. जेवताना मात्र साल बाजूला काढावी. चावली तर जिभेला मुंग्या येतात.

ग्रामपंचायतीचं काम

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावातली झाडं, पिकं आणि त्यांविषयीची माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत लिहायची असते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आपली नोंदवही एकदा उघडून बघावी. तिरफळ त्यात आहे का? कुठल्या वाडीत किती झाडं उरलीत? जाणत्या बायकांना विचारलं तर एका दुपारी यादी होईल.

शेतकरी बंधूंनीही बांध साफ करताना काटेरी दिसलं म्हणून आपसूक आलेलं रोप उपटू नये, त्याला चार काठ्यांचं कुंपण करावं. आमसूल आज कोकणाबाहेर सगळीकडे पोहोचलं आहे. तिरफळालाही गिऱ्हाईक मिळेल, पण त्यासाठी आधी झाड उभं राहायला हवं.