भूल कमी म्हणजे धोका कमी?

ऑपरेशनआधी नातेवाईक अनेकदा विनवतात, “डॉक्टर, भूल जरा कमीच द्या.” भूल म्हणजे एक प्रकारचं विषच, जितकं कमी तितकं बरं, असा त्यामागचा समज. काळजी खरी आहे, समज मात्र चुकीचा. त्याचा पुरावा मराठवाड्याच्या इतिहासाजवळच सापडतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा राजधानी हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म या तेव्हाच्या भुलीच्या औषधावर दोन आयोग बसले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता की मृत्यू येतो तो श्वास थांबून, तेव्हा नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा. आयोगांनी प्राण्यांवर प्रयोग करून त्यांना दुजोरा दिला. पण १९११ पासून गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की भूल हलकी असताना रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं, तर हृदयाची लय विस्कटून ते अचानक बंद पडतं. गाढ भुलीत हे सहसा घडत नाही. म्हणजे घात करणारी होती ती अर्धवट भूल.

आजचं सेव्होफ्लुरेन, म्हणजे श्वासातून दिली जाणारी भुलीची वाफ, हृदयाला असं भडकवत नाही. मग आता कमी द्यायला काय हरकत? हरकत अशी की भूल उथळ राहिली तर वेदनेने रक्तदाब उसळतो, लहान मुलांत स्वरतंतू आवळून श्वास अडू शकतो. शिवाय हे औषध इंजेक्शनसारखं एकदाच टोचून मोकळं होता येत नाही. श्वासातलं प्रमाण वाढवलं की मेंदूतलं वाढतं, वाफ बंद केली की बहुतेक औषध फुप्फुसांतूनच परत जातं. यकृताच्या वाट्याला जेमतेम २ ते ५ टक्के येतं. चाळिशीच्या माणसाला सुमारे २ टक्के वाफ असली, तर निम्मे रुग्ण चिरा देताना हलत नाहीत. तान्ह्या बाळाला हेच प्रमाण जास्त लागतं, ऐंशीच्या आजीला बरंच कमी. आजीला कमी द्या म्हणणाऱ्यांचं इथे बरोबरच आहे, फक्त ते ‘कमी’ मोजून ठरतं. जास्त झालं तर श्वास मंदावतो, रक्तदाब पडतो, हेही खरं. म्हणूनच भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर उशाशी बसून नाडी आणि श्वास दोन्ही पाहत असतो.

तेव्हा ‘कमी द्या’ म्हणण्याऐवजी भूलतज्ज्ञांना एवढं सांगा: रुग्णाने शेवटचं कधी खाल्लं, दारू-तंबाखू किती, आणि घरात कुणाला भुलीत अचानक प्रचंड ताप आला होता का. असा ताप येण्याचा दोष आनुवंशिक असतो, आणि अशा रुग्णाला ही वाफ देतच नाहीत.