आळ नेहमी कार्बोरेटरवर

जुन्या गाडीच्या मालकाला घाटाची धास्ती असते. आमच्या पद्मिनीने कशेडीच्या घाटात तीनदा मान टाकली आणि तिन्ही वेळा प्रकार एकच. पोलादपूरपर्यंत गाडी सुरेख यायची. चढ लागला, की इंजिन धक्के देऊ लागे. ॲक्सिलरेटर दाबावा तर आणखीच धाप लागे आणि शेवटी सारे शांत. चाकाला दगड लावून, थर्मासमधला चहा पिऊन होईतो वीसेक मिनिटे जात. मग किल्ली फिरवावी, तर जणू काही घडलेच नव्हते!

गॅरेजवाल्याने बॉनेट पुरते उघडण्याआधीच निदान केले, ‘कार्बोरेटर.’ तो साफ झाला. पुढच्या खेपेस नवा बसवला. तिसऱ्या खेपेस सल्ला मिळाला, ‘साहेब, आता भंगारात द्या.’ गाडी वडिलांची. तिला भंगारात काढायचे म्हणजे घरातल्या माणसाविषयी बोलल्यासारखे वाटले.

बिचाऱ्या कार्बोरेटरवर आळ येतो, कारण तो समोर दिसतो. पण पेट्रोलचा प्रवास सुरू होतो गाडीच्या पार मागे, टाकीत. तिथून नळीने ते पुढे येते. इंजिनाच्या अंगाला बसवलेला पंप, ज्याला सारे मेकॅनिक ‘एसी पंप’ म्हणतात, ते ओढून घेतो. त्यात एक लवचीक पडदा असतो आणि इंजिनाच्याच फिरण्याने तो खालीवर होतो. पुढे कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट आणि सुई मिळून पातळी राखतात आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल हवेत मिसळते. खोळंबा यांतल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतो आणि प्रत्येक खोळंब्याची खूण वेगळी असते.

गाडी रस्त्यावर नीट पळते, पण सिग्नलला उभी राहिली की बंद पडते? बहुधा स्लो जेटमध्ये कचरा. कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळते, प्लग काळे होतात? सुई नीट बसत नाही, किंवा फ्लोटला भोक पडले आहे. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि पातळी वाढलेली दिसते? पंपाचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल इंजिनात उतरते आहे. अशी गाडी एक मैलही चालवू नये. आणि या सगळ्याआधी प्लगला करंट येतो की नाही ते पाहावे. पेट्रोलचे म्हणून समजलेले निम्मे आजार पेट्रोलचे नसतातच, असे माझे मत झाले आहे.

आमच्या गाडीची खूण मात्र फसवी होती. तापल्यावर बंद, विसाव्यानंतर चालू. पेट्रोलची नळीतच वाफ झाली तरी हेच होते. म्हणून जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकतात. आम्हीही टाकले. उपयोग शून्य.

शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त टॅक्सीवाल्या काकांनी विचारले, ‘बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून बघितलंत का?’ नव्हते बघितले. जुने झाकण हरवल्यावर मी बाजारातून कुलपाचे नवे झाकण आणले होते. त्याला हवा आत घेण्याचे भोकच नव्हते! पेट्रोल उपसले जाई, त्याच्या जागी हवा येत नसे आणि टाकीत पोकळी तयार होई. सपाटीवर पंप कसाबसा निभावून नेई. चढावर पेट्रोल जास्त लागे आणि तो हरे. थांबलो, की फटीतून हळूहळू हवा शिरे. गॅरेजात तर गाडी सदैव विसावलेलीच, मग दोष सापडणार कसा? पुढच्या खेपेस घाटात झाकण फिरवले. फुस्स असा लांब आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली. काकांच्या सांगण्यावरून भोक असलेले झाकण आणले. दुखणे संपले.

आता नवे दुखणे आले आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ मध्ये विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. आपल्या उसाचे त्यात भले आहे, तक्रार ती नाही. पण जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. नळ्या फुगतात, मऊ पडतात. पंपाचा पडदा कमजोर होतो. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल पाणी धरते आणि पाणी फार झाले, तर दोन्ही मिळून तळाशी बसतात. पंपाची नळी पेट्रोल उचलते तेही तळाजवळूनच. म्हणून पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये आणि फिल्टर पारदर्शक बसवावा, म्हणजे आत काय चालले आहे ते दिसते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. काकांची त्याआधीच गेली होती. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या गाडीच्या साऱ्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या बसवल्या. काढलेली एक नळी त्यांनी बोटांनी दाबून दाखवली. ती चिकट गोळ्यासारखी चेपली आणि तशीच राहिली.