धुरीतलं मांस कोरडं का पडतं?

डुकराच्या खांद्याचं मांस तासन्‌तास धुरीत ठेवलं की मऊ होतं, म्हणून पाठीच्या बिनचरबीच्या तुकड्यालाही तेवढाच वेळ देणं मला साफ चुकीचं वाटतं. खांद्यात कोलॅजन भरपूर. ९० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं जिलेटिन होतं आणि मांस रसाळ लागतं. पाठीत ते फारसं नाहीच. तिथे ६५ अंशांपुढे तंतू आक्रसत जातात, पाणी पिळून निघतं. आधी मिठाच्या पाण्यात मुरवलं तर प्रथिनं पाणी अधिक धरून ठेवतात, एवढाच दिलासा. लवकर काढलेल्या गुलाबी मांसात जंत उरतील ही भीती रास्त आहे, पण रंग फसवा असतो; धुरातल्या वायूंनीही मांस गुलाबी होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यासाठी ७१ऐवजी ६३ अंश आणि ३ मिनिटं विसावा पुरेसा ठरवला. कमी वेळ ठेवल्याने धुराचा वास कमी लागेल म्हणाल, तर धूर थंड, ओलसर पृष्ठभागावरच जास्त बसतो. म्हणून तुकडा फ्रीजमधून थेट धुरीत ठेवावा आणि थर्मामीटरचं टोक बरोबर मध्यभागी असू द्यावं.