किटोचं ताट, भाग ३ : आधी प्रथिनं, मग तूप

गेल्या आठवड्यात भाकरी, भात आणि साखर ताटातून उतरवली. दिवसाची कर्बोदकं तीस ग्रॅमच्या आसपास आली. आता त्या रिकाम्या जागी काय वाढायचं? इथे नवशिक्यांचे दोन पंथ पडतात. एक पंथ सकाळी कॉफीत लोणी घुसळतो, दुपारी भाजीवर तूप ओततो आणि पनीर मात्र भीतभीत खातो, कारण प्रथिनं जास्त झाली की त्यांची साखर होते असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. दुसरा पंथ तेलातुपाला जन्मभर घाबरलेला. तो भातही सोडतो आणि तूपही, मग उकडलेलं चिकन आणि अंड्यातला पांढरा भाग यांवर दिवस काढतो. चुकतात दोघंही, पण दुसऱ्याची चूक लवकर उघडी पडते.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १९२८ साली ती डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत उघडी पडली. विल्यालमर स्टेफान्सन हा आर्क्टिक प्रदेशात इन्युइट लोकांमध्ये काही वर्षं राहिलेला शोधप्रवासी. त्याने आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन याने वर्षभर फक्त मांसावर राहून दाखवायचं ठरवलं. डॉक्टरांनी स्टेफान्सनला सुरुवातीला मुद्दाम चरबी काढलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीदार मांस द्यायला लागल्यावर गडी सावरला. पुढच्या नोंदींमध्ये दिवसाच्या ऊर्जेचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबीतून येत होता, प्रथिनांचा वाटा साधारण वीस टक्के. म्हणजे नावाला मांसाहार, प्रत्यक्षात चरबीचा आहार! कारण सरळ आहे. प्रथिनांमधला नायट्रोजन यकृताला युरियात बदलून बाहेर टाकावा लागतो आणि या कामाला वेगाची मर्यादा आहे. कर्बोदकं आणि चरबी दोन्ही बंद केली, तर सगळी ऊर्जा प्रथिनांतून काढायचा भार यकृतावर पडतो. तो त्याला पेलत नाही.

मग पहिला पंथ बरोबर का? नाही. त्याचं मूळ दवाखान्यात आहे. मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली हा आहार सुचवला तो अपस्मारासाठी, वजनासाठी नव्हे. त्याचं ठरलेलं प्रमाण चारास एक : चार ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम. समजा, वीस किलोचं मूल दिवसाला १२०० कॅलरी खातं. या प्रमाणात त्याला १२० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि बाकी दोन्ही मिळून ३० ग्रॅम मिळतात. त्यातली दहा ग्रॅम कर्बोदकं धरली तरी वीस ग्रॅम प्रथिनं उरतात, किलोमागे एक ग्रॅम. मुलाचं भागलं. आता तेच प्रमाण सत्तर किलोच्या, वजन उतरवायला १५०० कॅलरींवर आलेल्या माणसाला लावा. दीडशे ग्रॅम तूप-तेल, आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून जेमतेम सदतीस ग्रॅम! आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे याला नुसती प्रथिनंच ५८ ग्रॅम हवीत. उरलेली तूट स्नायूंतून भरली जाते. वजनकाटा खाली येतो आणि माणूस खूश होतो.

साखर होण्याची भीती पूर्ण खोटी नाही. प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवतं, पण ते मुख्यतः गरजेपुरतं. उलट सुरुवातीलाच ही गरज सर्वांत मोठी असते. मेंदूला दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक ग्लुकोज लागतं, आणि चरबीपासून यकृतात बनणारे कीटोन वापरायला तो हळूहळू शिकतो. तोवर कच्चा माल ताटातून आला नाही तर दंड-मांड्यांतून येतो. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रथिनांना कात्री लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब असा मांडावा. उंचीला शोभेल त्या वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं. सत्तर किलोला ८४ ग्रॅम, म्हणजे ३३६ कॅलरी. कर्बोदकांच्या १२०. पंधराशेतल्या उरलेल्या १०४४ कॅलरी स्निग्ध पदार्थांच्या : सुमारे ११६ ग्रॅम. प्रथिनांचा आकडा गाठायचाच, स्निग्धाचा गाठलाच पाहिजे असं नाही. भूक नसेल तर त्यातले थोडे कमी खावेत, कारण ती तूट पोटावरची चरबी भरून काढते, आणि त्यासाठीच तर हा खटाटोप. वरून ओतलेलं तूप मात्र आधी जळतं. मोबाइलवरच्या ॲपमधले ‘सत्तर टक्के स्निग्ध’ हे ऊर्जेचे टक्के असतात, ताटातल्या जागेचे नव्हेत. एका ग्रॅम तुपात नऊ कॅलरी, प्रथिनांत चार, त्यामुळे ताटात तूप दिसायला थोडंच दिसतं.

मांसाहारी घरात हे फार अवघड नाही. बांगड्यात स्वतःचं तेल असतं, खोबऱ्याच्या वाटणातली कोंबडी आपोआप जुळते, तीन अंड्यांत अठरा ग्रॅम प्रथिनं आणि पंधरा ग्रॅम स्निग्ध मिळतं. पिवळं टाकून पांढरं खाण्याचं इथे काही कारण नाही. खरी कसोटी शाकाहारी ताटाची. आपली प्रथिनं डाळीत, आणि तीस ग्रॅम मूगडाळीत सात ग्रॅम प्रथिनांबरोबर अठरा ग्रॅम कर्बोदकं येतात. दोन वाट्या वरणातच दिवसाचा कोटा संपला. मग पनीर (शंभर ग्रॅमला साधारण अठरा ग्रॅम), टोफू, थोडे सोयाचे तुकडे, मूठभर शेंगदाणे, चक्का. दाण्यांचं कूट दोन्ही बाजूंनी उपयोगी, पण हात सैल सुटला की कॅलरी पळतात. निव्वळ शाकाहारी आणि दूधही वर्ज्य असेल, तर या आहाराच्या वाटेला न गेलेलं बरं.

मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा मधुमेहाची औषधं असतील, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असणाऱ्यांना त्याहून फसवा धोका आहे : रक्तात आम्ल साचतं आणि साखर मात्र जवळपास ठीक दिसते. उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झालं, तर ग्लुकोमीटरवर विसंबू नये, थेट रुग्णालय गाठावं.

(पुढच्या आठवड्यात : पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, मीठ आणि पाणी)