डॅशबोर्डातला टेप

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस इंजिन ऐकतो, टायर बघतो, पत्र्याखाली लांबी भरली आहे का ते चाचपतो. डॅशबोर्डातल्या टेपपाशी तो थांबत नाही. ‘तो बंद आहे, काढून टाका,’ असं विकणाराच सांगून मोकळा होतो. आठवड्याभरात त्या जागी नवा स्टिरिओ बसतो आणि टेप भंगारात जातो. मला हे पाहवत नाही, कारण ‘बंद’ म्हणून काढलेले टेप उघडून पाहिले की त्यातले बरेचसे दुरुस्त होण्यासारखे निघतात. कुणाचा रबरी बेल्ट विरघळलेला असतो, कुणाचा रोलर कडक झालेला असतो, कुणाच्या हेडवर वर्षानुवर्षांचा तपकिरी थर साचलेला असतो. मोटर, आयसी, सर्किट बहुधा शाबूत असतं. शिवाय यातला जवळजवळ प्रत्येक बिघाड ऐकू येतो. कान देऊन ऐकलं तर पेचकस हातात घेण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं.

या यंत्राची मुळातली अडचण समजून घेतली पाहिजे. फिलिप्स कंपनीने लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखाली कॅसेट तयार केली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते बोलणं टिपून घेणं. म्हणून पट्टी अरुंद, ३.८१ मिलिमीटरची, आणि वेग मंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पुढे त्याच पट्टीवर स्टिरिओ संगीत बसवायचं ठरलं. दोन बाजूंचे मिळून चार पट्टे झाले, प्रत्येक जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद. या वेगाला दहा हजार हर्ट्झच्या स्वराची एक लाट पट्टीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत मावते. म्हणजे पट्टी आणि हेड यांच्या मध्ये चार-पाच मायक्रॉनची घाण आली, तरी झांजा, घुंगरू, बासरीतली फुंकर हे सगळं नाहीसं होतं आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं.

इतकं नाजूक काम घरात, टेबलावर करणंही सोपं नाही. १९६८ पासून ते गाडीत आलं. १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाचेत रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर सगळं कोंबायचं. बॅटरी बारा व्होल्टची म्हणायची, पण इंजिन चालू झालं की चौदापर्यंत जाणार. खाली खड्डे, वर मे महिन्याचं ऊन, बंद काचांमागे तापलेला डॅशबोर्ड, आणि चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर. म्हणून कॅसेट आत ढकलली की आपोआप बसावी, बाजू संपली की आपोआप उलटी चालावी, अशी रचना झाली. ‘ऑटो रिव्हर्स’ ही अक्षरं टेपच्या तोंडावर सोनेरी रंगात छापलेली असत, आणि त्यांचा मान होता.

आपल्याकडे हा टेप बहुतेकदा गाडीबरोबर येतच नसे. फियाट असो, अ‍ॅम्बेसेडर असो की मारुती ८००, गाडी घरी आली, नारळ फुटला, की बाजारात जाऊन तो बसवून घ्यायचा. मागच्या काचेखालच्या फळीला भोकं पाडून स्पीकर लागायचे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि टेप ट्रक, टेंपो, वडापच्या जीप असा सगळीकडे पसरला. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीतं आणि पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन घाटरस्त्यांवर फिरलं ते या खाचेतून. देशी टेपमध्ये एलए ४४४० हा आयसी इतका चालला की जुना दुरुस्तीवाला आजही त्याचे पाय न बघता मोजून दाखवेल. आज तो आयसी सहज मिळतो, आणि म्हणूनच आवाजाचा भाग दुरुस्त करणं फारसं कठीण नाही. खरी कसोटी असते ती आत फिरणाऱ्या भागांची, ज्याला कारागीर ‘मेकॅनिझम’ म्हणतात.

मेकॅनिझमचा गाभा एक बारीक, गुळगुळीत पोलादी दांडी असते, कॅपस्टन. तिच्या खालच्या टोकाला जड फ्लायव्हील. मोटर रबरी बेल्टने फ्लायव्हील फिरवते, आणि रबरी पिंच रोलर पट्टीला कॅपस्टनवर दाबून धरतो. पट्टी पुढे सरकते ती या दोघांच्या चिमटीतून. कॅसेटमधली चाकं तिला ओढत नाहीत, पुढे आलेली पट्टी फक्त गुंडाळून घेतात. एवढं कळलं की टेप कॅसेट का ‘खातो’ तेही कळतं. कॅपस्टन पट्टी पुढे देत राहतो, गुंडाळणारं चाक दमतं किंवा थांबतं, आणि मोकळी पट्टी रोलरभोवती वेढे घेते. दोष कॅसेटचा नसतो, तरी फेकली जाते कॅसेटच. अशा वेळी कॅसेट हिसकून काढू नये. वरचं झाकण काढावं, रोलर हाताने मागे करावा, फ्लायव्हील उलटं फिरवून वेढे सोडवावेत आणि मग पेन्सिलीने पट्टी आत घ्यावी. सी-६० ची पट्टी १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२, आणि सी-१२० ची फक्त ९. एका कॅसेटमध्ये दोन तासांची गाणी भरायचा मोह गाडीत टाळायचा तो याचसाठी.

आता आवाज. दिवा लागत नाही, काहीच हालचाल नाही, तर आधी फ्यूज आणि मग अर्थ बघावा. बॉडीला लावलेल्या अर्थच्या स्क्रूखाली गंज चढून गेलेले टेप मी पाहिले आहेत. दिवा लागतो, मोटर घूं करते, पण कॅसेट जागची हलत नाही, तर बेल्ट गेला. गाणं जड, बसक्या आवाजात येतं, तर बेल्ट सैल आहे किंवा कॅपस्टनचं तेल सुकलं आहे. उलट, लता मंगेशकरांचा आवाज लहान मुलीसारखा येऊ लागला, तर मोटरचा वेग सांभाळणारा भाग बिघडला असेल, पण त्याआधी कॅपस्टन नीट बघावा. तुटलेल्या पट्टीचा एखादा वेढा त्यावर घट्ट बसला की दांडी जाड होते आणि तेवढ्याच फेऱ्यांत जास्त पट्टी ओढते. दुरुस्तीवाले मोटर बदलतात आणि दोष तसाच राहतो, तो यामुळे.

स्वर लाटेसारखा हेलकावत असेल तर रोलरवर बोट फिरवून बघावं. बऱ्याच टेपमध्ये गाडी बंद केली तरी कॅसेट आत बसलेली असली की रोलर कॅपस्टनला चिकटून राहतो. रात्रभर, कधी महिनाभर. रबराला तिथे खड्डा पडतो आणि मग प्रत्येक फेरीला स्वर एकदा डुलतो. चांगल्या टेपमध्ये किल्ली फिरवताच रोलर सुटायची सोय होती. नसेल तर गाडीतून उतरताना कॅसेट बाहेर काढून ठेवायची सवय लावून घ्यावी.

गाण्यामागे दुसरंच काही उलटं, चिनी भाषेसारखं ऐकू येत असेल तर घाबरू नये. हेडची उंची किंचित हलली आहे आणि ते शेजारचा, दुसऱ्या बाजूचा पट्टा मागून पुढे वाचतं आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक स्क्रू असतो. साफ केलेल्या हेडवर ओळखीची कॅसेट लावून, तो अगदी थोडा थोडा फिरवत, झांज सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबायचं. ऑटो रिव्हर्सच्या टेपमध्ये दोन्ही दिशांना ऐकून मधली जागा शोधावी लागते, आणि तिथे संयम लागतो. या कामाला चुंबकाचा पेचकस चालत नाही. हेडला चुंबकत्व लागलं की कॅसेटवरचे बारीक स्वर हळूहळू पुसले जातात.

बेल्टची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ‘मेलेला’ टेप जिवंत होतो तो बहुतेकदा इथेच. माझ्या मामांच्या पद्मिनी गाडीतला टेप मी टेबलावर घेतला तेव्हा मेकॅनिझमखालची पत्र्याची पट्टी काढताच आत काळी खळ दिसली. बेल्ट रबराचा राहिलाच नव्हता. मोटरच्या पुलीवर, दोन्ही फ्लायव्हीलच्या कडांवर, मधल्या छोट्या चाकाच्या खाचेत, सगळीकडे डांबर. बोटाला लागलं की साबणाने जात नाही आणि जिथे बोट लावू तिथे पसरतं. अशा वेळी थिनर किंवा पेट्रोल वापरायचा मोह होतो. ते प्लॅस्टिकची चाकं खातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या, बाकी काही नको. एक काडी एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा वापरली की काढलेलंच परत लावतो आपण.

फ्लायव्हील वर उचलताना हात आखडता ठेवावा. कॅपस्टनच्या बुडाशी नायलॉनचा एक पांढरा वॉशर असतो, कोथिंबिरीच्या बीपेक्षाही लहान. जुन्या तेलामुळे तो फ्लायव्हीलला चिकटून वर येतो आणि मधल्या हवेत सुटतो. खाली पांढरा रुमाल अंथरलेला असेल तर सापडतो, नसेल तर संध्याकाळ फरशीवर जाते. तो परत बसला नाही तर फ्लायव्हील खालच्या पट्टीला घासतं आणि नवा बेल्ट घालूनही वेग बसत नाही.

जुना बेल्ट विरघळलेला, मग माप कुठून घ्यायचं? शिवणाचा दोरा घ्यायचा, बेल्टच्याच वाटेने सगळ्या पुलींवरून फिरवायचा, गाठीच्या जागी खूण करायची आणि लांबी मोजायची. त्यातून पाच ते आठ टक्के वजा केले की नव्या बेल्टची लांबी मिळते. याहून घट्ट घेतला तर मोटर कण्हते आणि तिच्या बुशिंगवर ताण येतो, सैल घेतला तर उन्हात घसरतो. जाडी बहुधा मिलिमीटरच्या आसपास, कापला तर चौकोनी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून असे बेल्ट मापाने मिळतात. दुकानदाराला टेपचा नंबर सांगून उपयोग नसतो, माप सांगावं. कॅपस्टनच्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने. जास्तीचं पुसून टाकायचं, कारण तेल बेल्टवर किंवा रोलरवर गेलं की केलेलं सगळं काम वाया.

टेप पुन्हा फिरला तेव्हा मामांनी ड्रॉवरमधून एक बुरशी लागलेली कॅसेट काढली आणि ‘ही लाव’ म्हणाले. ती मी लावू दिली नाही. कोकणात ठेवलेल्या कॅसेटच्या पट्टीवर पांढरी भुकटी दिसते. ती पहिल्याच मिनिटात हेडवर आणि रोलरवर उतरते. अशी कॅसेट आधी दुसऱ्या, जुन्या यंत्रावर पुढे-मागे गुंडाळून, कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावी आणि मग गाडीत न्यावी.

काही लोकांना मोबाइलवरचीच गाणी हवी असतात. त्यांना कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॅप्टर सुचवला जातो. तो उत्तम चालतो, पण आतलं मेकॅनिझम फिरत असेल तरच. चाकं फिरत नाहीत असं कळलं की टेप स्वतःच कॅसेट बाहेर फेकतो किंवा दिशा बदलत बसतो. म्हणून अ‍ॅडॅप्टरसाठीही बेल्ट आधी बदलावा लागतो. बेल्ट बदलायचाच नसेल तर दुसरा मार्ग आहे. व्हॉल्यूमच्या बटणामागे, प्रीअ‍ॅम्पच्या पुढे, मोबाइलची वायर जोडून घ्यायची. चांगला कारागीर हे तासाभरात करतो. समोरचं रूप तसंच राहतं, डॅशबोर्ड कापावा लागत नाही. डॅशबोर्ड मात्र कुणालाही कापू देऊ नये. पद्मिनीचा नवा डॅशबोर्ड आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि करवत लागलेल्या पत्र्यावर कितीही पट्ट्या लावल्या तरी तो डोळ्यांना खुपतोच.

झाकण बसवण्याआधी एक काम जरूर करावं. आतल्या पत्र्यावर मार्करने बेल्टची लांबी आणि जाडी, बदलल्याची तारीख, आणि मोटरच्या वेगाचा स्क्रू मुळात कुठे होता त्याची छोटी खूण करावी. रबर पुन्हा विरघळणारच आहे. तेव्हा जो कुणी हा टेप उघडेल, त्याला दोरा फिरवत बसायला नको.