कपड्यावरचे डाग

कपडा फाटला तर त्याला ठिगळ लावता येते. पण डाग पडला की आपण कपाळाला हात लावतो. नवा सदरा, लग्नातली साडी, मुलाचा शाळेचा गणवेश. एका डागापायी चांगला कपडा बाजूला पडतो. पैसे जातात आणि मनाला रुखरुख लागते ती वेगळीच.

खरे पाहता पुष्कळ डाग घरच्या घरी निघतात. मग आपल्या घरी ते का निघत नाहीत? कारण डाग कोणताही असो, आपण एकच करतो. कपडा कढत पाण्यात बुडवतो, साबण फासतो आणि दगडावर आपटतो. तापाला, खरजेला आणि मोडलेल्या हाताला एकच पुडी देणारा वैद्य तुम्ही घरात घ्याल का? डागांचेही तसेच आहे. डाग कशाचा आहे हे आधी ओळखावे, मग उपाय करावा.

रक्ताचा डाग घ्या. अंडे उकडताना तुम्ही पाहिले असेल. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग पातळ असतो. उकडला की तो घट्ट होतो. मग कितीही पाणी ओता, तो पुन्हा पातळ होत नाही. रक्तातही त्याच जातीचा पदार्थ असतो. त्याला प्रथिन म्हणतात. रक्त लागलेला कपडा कढत पाण्यात घातला, की रक्त धाग्यातच शिजते आणि तिथे घट्ट बसते. म्हणून रक्ताला थंड पाणीच पाहिजे. पाण्यात मूठभर मीठ टाका. कपडा अर्धा तास भिजू द्या. पाणी लाल झाले की बदला. मग हलक्या हाताने चोळा आणि शेवटी साबण लावा. डाग वाळलेला असेल तर रात्रभर भिजत ठेवा. दुधाच्या आणि अंड्याच्या डागालाही हाच नियम.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो. लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही, वाचताना तुम्हीही मानू नका. बायाबापड्या पाळीचे कापड चोरून धुतात. ते कोणाला दिसू नये म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात, नाहीतर दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घालतात. तिथे ते नीट वाळत नाही. दमट कापडात जंतू वाढतात. तेच कापड पुन्हा वापरले की खाज सुटते, कातडी लाल होते, दुखणे मागे लागते. हे कापड थंड पाण्यात भिजवावे, साबणाने स्वच्छ धुवावे आणि भर उन्हात वाळवावे. ऊन फुकट आहे आणि उन्हाने जंतू मरतात. धुऊन वाळवल्यावर थोडा पिवळट डाग राहिला तर राहू द्या. तो मळ नव्हे. खरी भीती डागाची नाही, ओलाव्याची आहे. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे आणि दोरीवर त्या कापडाला जागा द्यावी.

आता हळद. हळदीचा डाग म्हणजे मोठी गंमत आहे. हळद लागलेल्या कपड्याला साबण लावला की डाग एकदम लाल होतो. नवी सून घाबरते, ‘अगं बाई, हे काय झालं!’ घाबरण्याचे कारण नाही. साबणात खार असतो. खार लागला की हळद लाल होते. हळदीचे कुंकू करताना तिच्यात टाकणखार घालतात, तो याचसाठी. खात्री करून घ्यायची असेल तर हळदीच्या चिंधीला साबण लावा. ती लाल झाली की वर लिंबू पिळा. पुन्हा पिवळी! म्हणजे साबणाने हळदीचा फक्त रंग बदलला, डाग गेलाच नाही.

मग तो जातो कशाने? उन्हाने. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण उन्हापुढे त्याचे काही चालत नाही. कपडा साबणाने धुवावा आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाकावा. एका दिवसात न गेल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून टाकावा. लग्नात हळद लागलेले पांढरे धोतरसुद्धा असे साफ होते. रंगीत कपडा मात्र फार वेळ उन्हात ठेवू नये. हळदीबरोबर त्याचाही रंग उतरेल.

चहा सांडला तर लगेच थंड पाणी ओतावे. आपला चहा दुधाचा असतो, म्हणून इथेही आधी थंड पाणी, मग साबण. चहा वाळू दिला तर काम वाढते.

पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या नाहीतर खिळ्याला टांगलेल्या कपड्यावर तांबूस ठिपके पडतात. तो लोखंडाचा गंज. साबणाला तो दाद देत नाही. त्यावर लिंबू पिळावे, मीठ चोळावे आणि कपडा उन्हात ठेवावा. लिंबाच्या आंबटाने गंज विरघळतो. नंतर कपडा भरपूर पाण्यात खळबळून घ्यावा. कोकणातल्या तांबड्या मातीतही लोखंडाचा अंश असतो, म्हणून तिच्या डागालाही याचा थोडाफार उपयोग होतो. देशावरच्या काळ्या चिखलाची रीत निराळी. चिखल ओला असताना चोळू नये, तो आत शिरतो. वाळू द्यावा, झटकावा, मग धुवावा.

तेलाच्या डागावर आधी पाणी घालून उपयोग नाही. तेल आणि पाणी यांचे कधी जमत नाही. डागावर पीठ किंवा खडूची पूड पसरावी. ती तेल शोषून घेते. शाळेत खडूची पूड रोज झाडून टाकतात. आम्ही ती डबीत भरून ठेवत असू. तासाभराने पूड झटकून कोमट पाणी आणि साबण लावावा. गाडीचे वंगण किंवा ट्रॅक्टरचे ग्रीस लागले तर आधी त्यावर थोडे खायचे तेल चोळा. तेलाने ग्रीस सैल होते. मग दोन्ही मिळून साबणाने जातात. काही जण याला रॉकेल नाहीतर पेट्रोल वापरतात. ते करू नये. जवळ चूल असेल, कोणी बिडी ओढत असेल, तर कपड्याबरोबर माणूस जायचा.

मुलांच्या खिशाला बॉलपेनची शाई लागते. ती स्पिरिटने निघते. 2020 साली करोना आला तेव्हापासून पुष्कळ घरांत हात साफ करायच्या पातळ औषधाची बाटली असते. त्यातही बहुधा स्पिरिटच असते. डागाखाली जुने फडके ठेवावे, कापसाने वरून स्पिरिट टिपावे, म्हणजे शाई फडक्यात उतरते. चोळू नये, शाई पसरते. आणि हेही विस्तवाजवळ करू नये.

कोणताही नवा उपाय आधी कपड्याच्या आतल्या काठावर करून पाहावा. रंग गेला तर तिथे दिसणार नाही. आणि डाग निघेपर्यंत इस्त्री फिरवू नये. तापल्या इस्त्रीने डाग पक्का होतो.

दुकानात ब्लीचिंग पावडर मिळते. पातळ ब्लीचही बाटलीत मिळते. ते पांढऱ्या सुती कपड्याला चालते. रेशमाला आणि लोकरीला लावले तर कपडाच खराब होतो. रेशमी साडी आणि घोंगडी यांना आपला रिठाच बरा. गंजाच्या डागालाही ब्लीच लावू नये, डाग उलट पक्का होतो. पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे, ती ध्यानात ठेवा. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. दोन औषधे एकत्र केली तर डाग लवकर जाईल असे वाटते. पण त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. डोळे चुरचुरतात, छातीत कोंडते, बंद मोरीत तर जीवावरही बेतते. चुकून मिसळले गेलेच तर तिथे थांबू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

काही डाग मात्र हट्टी असतात. केळीचा चीक वाळला की सहसा निघत नाही. केळफूल सोलताना आणि घड उतरवताना जुनेच कपडे घालावेत हे बरे. बिब्ब्याचा डाग तर मुळीच निघत नाही. परीट लोक पूर्वी कपड्यावर खूण करायला बिब्बाच वापरीत. कारण कपडा कितीदाही धुतला तरी ती खूण पुसत नसे. त्या डागामागे लागून कपडा झिजवू नये. शिवाय बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, म्हणून ओला डाग हाताने चोळू नये. तो वाळू द्यावा. असा कपडा पुढे गोधडीला घ्यावा आणि टाके घालताना डागाची बाजू आत ठेवावी.