ट्रेमध्ये बसणारं ई-सिम

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ब्रश आणि थिनरला सुट्टी नसते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, सिमेंट कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना या सगळ्यांची धूळ एकाच गावावर उतरते आणि आधी फोनच्या चार्जिंग जॅकमध्ये, मग सिमच्या ट्रेमध्ये जाऊन बसते. मी काउंटरमागे स्टूल ओढून बसलो होतो. समोर आलेल्या फोनचा ट्रे पिननं बाहेर काढल्यावर दुकानदारानं सिमची सोनेरी बाजू पुसली, खाचेत ब्रश फिरवला, फुंकर मात्र मारली नाही. फुंकरीबरोबर थुंकीची ओल आत जाते, हे त्यानं मला आधीच बजावलं होतं.

फोन एका ट्रकचालकाचा होता. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीतून निघालेलं लोहखनिज आलापल्ली, आष्टीमार्गे चंद्रपूरकडे येतं आणि इथल्या कारखान्यात उतरतं. त्या वाटेवर हा गडी. त्याच्याकडे तीन नंबर होते आणि फोनला सिमच्या जागा दोन. एक नंबर बँकेला जोडलेला, दुसऱ्यावर मालकाचे आणि घरचे फोन, तिसरा बीएसएनएलचा, जंगलासाठी. आलापल्लीच्या पुढं कोणत्या वळणावर कोणाची रेंज धरते हे या चालकांना पाठ असतं. नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टॉवर टूजीवरून फोरजीवर नेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२२ मध्ये घेतला आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. त्यामुळे त्या पट्ट्यात हे सिम खिशात असावंच लागतं. आजवर तो केबिनमध्येच पिन घेऊन सिमची अदलाबदल करायचा. एकदा सिम सीटखाली पडलं ते मिळालंच नाही.

‘‘म्हणून हे मागवलं ना भाऊ,’’ म्हणत त्यानं पाकीट पुढं केलं. आत नेहमीच्या सिमसारखंच प्लास्टिकचं कार्ड, मागं ३२ आकडी क्रमांक. हा ईआयडी. जगातल्या प्रत्येक ई-सिम चिपचा असा वेगळा क्रमांक असतो आणि तो ८९ ने सुरू होतो.

ई-सिम म्हटलं की फोनच्या बोर्डावर कायमची झाळलेली चिप डोळ्यांपुढं येते. भारतात ती बऱ्याच लोकांच्या कानावर आली २०१८ च्या आयफोनबरोबर. दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये ती अजूनही सहसा नसते, आणि घुग्घुसच्या काउंटरवर येणारे बहुतेक फोन याच किमतीचे. या कार्डात तीच चिप प्लास्टिकवर बसवून साध्या सिमच्या मापात आणलेली असते. कार्ड कोऱ्या वहीसारखं: त्यात एकापेक्षा जास्त कंपन्यांचे नंबर उतरवून घेता येतात, पण एका वेळी उघडं पान एकच. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनना वर्षानुवर्षं दोन साधी सिमच मिळत होती, ई-सिम नव्हतं. त्यामुळे अशा कार्डांना तिकडं गिऱ्हाईक मिळालं.

दुकानदारानं आधी *#०६# दाबलं. पडद्यावर दोन आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक आले, ईआयडीची ओळ आली नाही. म्हणजे फोनमध्ये स्वतःची ई-सिम चिप नाही, खात्री झाली. मग कार्ड दुसऱ्या खाचेत सरकवलं. फोन म्हणाला, सिम नाही. चालक माझ्याकडं बघायला लागला. दुकानदार शांत होता. कार्डात अजून एकही नंबर उतरलेला नव्हता, आणि रिकामं कार्ड पाहिलं की बरेच फोन असंच म्हणतात.

खरी गोम पुढं होती. फोनला हे कार्ड ई-सिम आहे हे कळतच नाही. त्याच्या लेखी ते साधं सिम. त्यामुळे सेटिंगमध्ये ‘ई-सिम जोडा’ असा पर्याय उगवत नाही, आणि कार्डात नंबर लिहायला वेगळं ॲप लागतं. त्या ॲपला कार्डापर्यंत पोचायचं तर दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं फोन बनवणाऱ्याच्या हातात. ॲपनं सिमच्या चिपशी थेट बोलण्याची ठरावीक सोय अँड्रॉइडमध्ये २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून आहे. पण प्रत्येक कंपनी ती सिमच्या खाचेसाठी उघडी ठेवतेच असं नाही. दुसरं दार कार्डातच असतं. कोणत्या ॲपच्या डिजिटल सहीला आत घ्यायचं याची यादी कार्ड स्वतःजवळ बाळगतं. म्हणून एकाचं कार्ड आणि दुसऱ्याचं ॲप अशी जोडी जमेलच याचा भरवसा नाही.

ॲप उघडलं तर कार्ड दिसेना. दुकानदारानं ट्रे ओढला, कार्ड पहिल्या खाचेत घातलं, फोन बंद करून सुरू केला. आता ईआयडी दिसला. काही फोनमध्ये एकाच खाचेचं दार उघडं असतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. पाकिटावरच्या ‘सर्व फोनमध्ये चालेल’ या ओळीची किंमत तिथंच कळली. चालतं सगळ्यांत, लिहिता येतं काहींतच. आयफोनमध्ये तर ॲपला सिमच्या चिपशी बोलूच देत नाहीत. तिथं कार्ड दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर किंवा लॅपटॉपला लावलेल्या छोट्या कार्ड रीडरवर भरून आणायचं, आणि सिमच्या मेन्यूतून नंबर बदलायचा.

फोनचं गणित सुटलं, राहिली कंपनी. जिओ, एअरटेल, व्ही हे तिघंही ई-सिम देतात, २०२५ मध्ये बीएसएनएलही त्यात आली. पण देण्याच्या तऱ्हा वेगळ्या. एक तऱ्हा अशी की नोंदलेल्या ईमेलवर क्यूआर कोड येतो. तो स्कॅन केला की कार्ड सर्व्हरला आपलं प्रमाणपत्र दाखवतं, सर्व्हर आपलं दाखवतो, पटलं की नंबर उतरतो. कार्ड बनवणाऱ्याकडं जीएसएमए या जागतिक संघटनेच्या साखळीतलं प्रमाणपत्र नसेल तर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. स्वस्तातलं कार्ड घेताना हे विचारायचं असतं, आणि कोणी विचारत नाही. दुसऱ्या तऱ्हेत कंपनी आधीच ईआयडी आणि आयएमईआय दोन्ही मागते. इथं पंचाईत होते, कारण ईआयडी कार्डाचा आणि आयएमईआय अशा फोनचा ज्यात ई-सिम नाही. कंपनीच्या यादीत तो फोन ‘ई-सिम नाही’ या रकान्यात असतो, आणि अर्ज तिथंच अडतो. काही लोक दुसऱ्याच महागड्या फोनचा आयएमईआय टाकतात. दुकानदार ते करत नाही. ‘‘आपल्या नंबरवर दुसऱ्याचा फोन कायले दाखवायचा? उद्या पोलिसानं विचारलं तं?’’

चालकाचा घरचा नंबर पहिल्या तऱ्हेच्या कंपनीचा निघाला. एसएमएस गेला, होकार गेला, ईमेलचा पासवर्ड आठवण्यात मात्र बराच वेळ गेला. शेवटी मुलीला फोन लावून विचारला. क्यूआर दुकानदाराच्या फोनवर उघडून चालकाच्या फोननं स्कॅन केला, दुकानातल्या वायफायवर नंबर उतरला, आणि खिशातलं जुनं सिम थोड्याच वेळात मेलं. नंबर उतरवायला इंटरनेट लागतं. उतरलेल्या नंबरांत अदलाबदल करायला लागत नाही, ते काम कार्डातल्या कार्डात होतं. जंगलात नेमकं तेच हवं.

‘‘आज पैशाचं काम नाही ना याच्यावर?’’ दुकानदारानं विचारलं. सिम बदललं की २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. दूरसंचार विभागाचा हा नियम सिम चोरून बँक खातं साफ करणाऱ्यांसाठी आहे, पण ओटीपीची वाट बघत बसतो साधा माणूस. शिवाय जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. म्हणजे कंपनीही बदलायची असेल तर आधी ती बदलावी, मग ई-सिम.

बँकेचाही नंबर या कार्डात घालावा असं चालकाच्या मनात होतं. दुकानदारानं हात जोडले. यूपीआयचं ॲप फोन आणि सिमची गाठ बांधून ठेवतं. सिम बदललेलं दिसलं की ते पुन्हा एसएमएस पाठवून ओळख पटवायला लावतं. आष्टीला नंबर बदलला, डिझेल भरलं, पैसे द्यायला फोन काढला आणि ॲपनं नव्यानं नोंदणी मागितली तर पंपावर उभं राहायचं. माझ्या मते या कार्डाची खरी मर्यादा हीच. दहा-पंधरा नंबर मावतात अशी जाहिरात करणं सोपं आहे. देशात बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या नावावर मुळात नऊच नंबर घेता येतात, आणि फोनमधलं निम्मं आयुष्य त्यातल्या एकाच चालू नंबराला बांधलेलं असतं.

मग मांडणी ठरली. बँकेचा नंबर साध्या सिमवर, दुसऱ्या खाचेत, त्याला हात लावायचा नाही. पहिल्या खाचेत हे कार्ड, त्यात घरचा नंबर. बीएसएनएलचा त्याच्याशेजारी नंतर, चंद्रपूरच्या कार्यालयात जाऊन. दुकानदारानं ॲपमधली दोन बटणं बोट ठेवून दाखवली. ‘बंद करा’ आणि ‘काढून टाका’. बंद केलेला नंबर परत उघडतो. काढून टाकलेला गेला, आणि बहुतेक वेळा तोच क्यूआर दुसऱ्यांदा चालत नाही, सगळी वारी पुन्हा. खालचं बटण लाल होतं. ‘‘लालले बोट नाही लावायचं, एवढं ध्यानात ठेवा दादा.’’

फोन खाणीत पडून फुटला तर? याचं उत्तर मात्र झाळलेल्या ई-सिमपेक्षा चांगलं आहे. बोर्ड गेला की आतली चिपही गेली, आणि नवा क्यूआर मिळेपर्यंत नंबर अडकला. हे कार्ड ट्रेमधून काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की झालं. चालकाला ते पटलं, तरी खात्री हवी होती. त्यानं खिशातून बटणाचा फोरजी फोन काढला, त्याच्या क्लीनरचा.

‘‘याच्यात होते का पाहा ना.’’

दुकानदारानं मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, लहान सिम मोठ्या खाचेत बसावं म्हणून अडॅप्टर लावला आणि कार्ड सरकवलं. थोड्या वेळानं रेंज आली. मेन्यूत खाली सिम टूलकिट होतं, त्यात कार्डाचं नाव, आणि आत उतरवलेल्या नंबराची एकच ओळ. बीएसएनएलची ओळ अजून यायची होती. चालकानं त्या फोनवरून स्वतःच्याच बँकेच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला, काउंटरवरचा फोन वाजला, आणि तो म्हणाला, ‘‘हाव, होते.’’